खंडेनवमीला गेलेलं कॉर्नेट

खून, दरोडे, दंगे पुष्कळ पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण शाळेच्या बँडमधलं एक वाजंत्र हरवल्याचं प्रकरण मात्र कालच मिटवून घरी आल्यासारखं मनात ताजं आहे. त्यात रक्त सांडलं नव्हतं, कुणाला बेड्या पडल्या नव्हत्या. तरी एका माणसाचं सगळं आयुष्य त्यावर टांगलेलं होतं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. वडील होड्या बांधत. ते गेले तेव्हा मी मराठी चौथीत होतो, तिथंच शाळा सुटली. पुढं घाट चढून वर आलो आणि सातारा जिल्ह्याच्या पोलिसांत शिपाई म्हणून लागलो. वाचता-लिहिता येई, पण पंचनामा लिहायला बसलं की हाताला घाम सुटे. आमचे फौजदारसाहेब भले माणूस. त्यांनी शेजारी बसवून मला पंचनामा, जबाब, डायरी सगळं शिकवलं. त्यांच्यामुळे मी पुढं जमादार झालो, ते ऋण फिटणारं नाही. ही हकिकत मी जमादार असतानाची. लढाई नुकतीच संपली होती आणि पलटणीतून सुटलेली माणसं गावोगाव परतत होती. आमचं ठाणं कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी होतं. दसऱ्याच्या बंदोबस्तासाठी साहेब साताऱ्याला गेलेले आणि ठाणं माझ्यावर सोपवलेलं. आपल्या हातून काही चूक होऊ नये, एवढीच माझी धास्ती.

त्या वर्षी गावच्या हायस्कुलात एक नवे ड्रिलमास्तर आले होते. कोरेगावकडच्या शेतकरी घरातला गडी, पलटणीच्या बँडात वाजवून आलेला. नेमणूक कच्ची होती, वर्षभराचं काम बघून पक्की करू असं कमिटीनं सांगितलेलं. मास्तरांनी मुलांचा बँड काढायचं मनावर घेतलं. पण वाजंत्री आणायची कुठून? नवी घ्यायची तर शाळेची ऐपत नाही. तेव्हा मास्तर सांगलीला गेले आणि लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या एका बँडवाल्याकडून चातुर्मासापुरती वाजंत्री भाड्यानं घेऊन आले.

ही युक्ती मला फार आवडली होती. चातुर्मासात लग्नं नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीपुरता एक ताफा ठेवला की बाकीचं पितळ दुकानात खुंटीला लटकून काळं पडतं. ते शाळेला द्यायचं आणि तुळशीच्या लग्नाला परत न्यायचं. बँडवाल्याची अट एकच. मोडतोड, हरवाहरव झाली तर जबाबदार मास्तर, शाळा नाही.

वाजंत्री आली आणि पहिली अडचण उभी राहिली ती मुलांच्या आयांकडून. वरातीतल्या कुणाकुणाच्या तोंडाला लागलेलं ते उष्टं पितळ आमच्या पोरांनी तोंडात धरायचं? मास्तर हुशार. त्यांनी शाळेच्या अंगणात चूल मांडली, सगळ्या आयांसमक्ष फुंकायची तोंडं चिंचेनं आणि राखेनं घासली, उकळत्या पाण्यातून काढली. म्हणाले, "बघा वैनी, तुमच्या लोट्यापरीस सोच्छ झालं का न्हाई?" तेव्हा कुठं बायका गप्प झाल्या.

मग सुरू झाला सराव. पहिल्या दिवसांत मुलांच्या तोंडून सूर कसला, वारासुद्धा धड निघेना. निघाला तो रेडा अडकल्यासारखा. शाळेमागं राहणारे एक अण्णा ठाण्यावर येऊन माझ्यापुढं उभे राहिले.

"जमादार, तक्रार लिवून घ्या. माझी म्हैस आटली."

"कशानं?"

"त्या बँडानं! पोरगं भ्यां करतंय, म्हशीला वाटतंय तिचं रेडकूच वरडतंय. लय हुडकती बिचारी."

मी म्हटलं, "अण्णा, म्हशीचा जबाब घ्यायचं आम्हाला शिकवलेलं नाही." ते रागानं गेले, पण दुसऱ्या दिवशी भिंतीवरून वाकून सराव बघत असलेले मला दिसले.

नवरात्राची नवमी आली, म्हणजे खंडेनवमी. ठाण्यात आम्ही बंदुका, काठ्या पुजायच्या तयारीत होतो. एवढ्यात एक टांगेवाला आला. चेहरा उतरलेला, सारखा मागं बघत होता.

"जमादार, बोलू का नगं कळंना. काल दिस मावळताना एका म्हाताऱ्याला टेसनावर सोडलं. मिरजंकडच्या गाडीला."

"बरं मग?"

"त्याच्याजवळ गठुडं हुतं. नव्या कोऱ्या धोतराच्या पानात गुंडाळल्यालं. एवढुसं." त्यानं दोन हात पसरून दाखवलं. "वर हळद-कुकू. म्या म्हनलं, पायाखाली ठेवा की. तर न्हाईच. छातीशी धरून बसला, आन त्याच्याशी पुटपुटत हुता. आवं, ते लेकरू असावं. पर रडलं न्हाई, हललं न्हाई."

मेलेलं मूल टांग्यातून नेलं, आणि तेही साहेब गावात नसताना! मी डायरीत नोंद केली, स्टेशनवर शिपाई धाडला. तिकीट बाबूला म्हातारा आठवत होता. त्यापलीकडं काही कळलं नाही. म्हातारा कुणाचा, कुठला, पत्ता नाही. रात्रभर मला ते गठुडं दिसत राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी हेडमास्तरांचं बोलावणं आलं. शाळेत सरस्वतीपूजन. पाट्यांवर मुलांनी सरस्वती काढलेली, आणि यंदा वाजंत्रीही पूजेत मांडायची ठरलेलं. अष्टमीच्या सरावानंतर बंद असलेली खोली उघडली तर सगळ्यांत चांगलं कॉर्नेट गायब. कॉर्नेट म्हणजे तुतारीसारखं, पण आखूड, नळी वळवून घेतलेलं, तीन कळांचं पितळी वाजंत्र. कुलूप शाबूत. किल्ली मास्तरांकडं.

मी फळी पाहिली. जिथं कॉर्नेट असायचं तिथं तांदळाची लहानशी रास, तिच्यावर एक सुपारी, सुपारीला कुंकू. शाळेचा शिपाई दाराबाहेरच उभा. "करणी हाय, म्या आत येत न्हाई," म्हणाला. मुलांचा घोळका मात्र डोळे मोठे करून आत घुसत होता.

मी मुलांना विचारलं, "सराव संपल्यावर शेवटी खोलीत कोण होतं?"

"मास्तर!" सगळी एका सुरात ओरडली. इतके दिवस शिकून एका सुरात त्यांना हेच आलं. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. एकजण घाईनं म्हणाला, "पर मास्तर चोरी करनार न्हाईत. माझ्याकडनं कळ अडकली तरी मारलं न्हाई त्येंनी."

हेडमास्तर मला बाजूला घेऊन गेले. ते कडक होते, पण अन्यायी नव्हते. म्हणाले, "जमादार, फिर्याद लिहून घ्या. परवा सकाळी कमिटीची सभा आहे. मास्तर एक अक्षर बोलायला तयार नाहीत. मी त्यांना पाठीशी तरी कसा घालू?"

मी जाणून होतो, एकदा फिर्याद नोंदली आणि नाव चढलं की मास्तरांची नोकरी गेलीच. पुढं ते निर्दोष सुटले तरी कुठली शाळा त्यांना घेणार नाही. मी म्हटलं, "आज अर्ज चौकशीवर ठेवतो. सभेच्या आधी तुम्हाला उत्तर देतो."

रात्री, गावात सोनं वाटून झाल्यावर, मास्तरांना ठाण्यावर आणलं. बसा म्हटलं तरी ते ताठ उभेच.

"कॉर्नेट कुठं आहे?"

"माझ्या ताब्यातनं गेलंय. जबाबदारी माझी."

"विकलंत?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला तो प्रश्न मागं घ्यावासा वाटला. "न्हाई."

"खोली कुणी उघडली?"

"म्या."

"कुणासाठी?"

गप्प. मी आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिलं. पलटणीतला माणूस, पुढं बघत राहिला. चोर दोन प्रकारचे मी पाहिलेत, फार बोलणारे आणि फार रडणारे. हा त्या दोन्हींत बसेना. शिवाय ती सुपारी. वस्तू उचलून नेताना जागा रिकामी राहू नये म्हणून सुपारी ठेवणारा चोर मी कधी ऐकला नव्हता. आमच्याकडं वडिलांचं एखादं हत्यार दुसऱ्या गावी कामावर असलं, तर दसऱ्याच्या पूजेत आई त्याच्या जागी सुपारी मांडायची. जे परत यायचं आहे त्याचीच जागा अशी राखतात. मग माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वस्तू गेली, आणि त्याच दिवशी हळद-कुंकवाचं गठुडं गाडीत चढलं.

मी मास्तरांना अंधारातच ठेवून म्हटलं, "बरं, राहू द्या. मला दुसरंच मोठं काम आहे. काल परवा स्टेशनावर कुणीतरी एक गठुडं नेलं. टांगेवाला म्हणतो आत मेलेलं मूल होतं. खुनाचा तपास लागणार. सांगली-मिरजेच्या पोलिसांना कळवून त्या माणसाला धरायला लावतो."

मास्तर दचकले. "आवं जमादार, मूल कसलं! त्या म्हाताऱ्याला धरू नका. तो आदीच..." आणि थांबले.

"म्हातारा होता हे मी कुठं सांगितलं, मास्तर?"

ते खाली बसले. म्हणाले, "म्या शब्द दिलाय, नाव सांगनार न्हाई. दसऱ्याचं सोनं वाटायच्या आत आनून देतो म्हनला हुता."

"सोनं वाटून झालं की. नाही आला तो."

"येईल. काय तरी झालं असंल."

"तुमची नोकरी जाईल."

"पलटनीत एकदा माझा बिगुल मला न विचारता दुसऱ्याला दिला हुता. त्या दिशी मला घास गेला न्हाई. वाजवनाऱ्याचं वाजवनाऱ्यालाच ठावं, जमादार." मी जास्त ताणलं नाही. त्यांना घरी जाऊ दिलं आणि गाव सोडू नका एवढं सांगितलं.

म्हातारा वाजवणारा असेल तर तो सांगलीच्या त्या बँडवाल्याकडचाच, असा हिशोब करून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी मिरजेला आणि तिथून सांगलीला गेलो. साध्या कपड्यांत गेलो, कारण सांगली तेव्हा संस्थान. तिथं माझ्या पट्ट्याला आणि टोपीला काही अर्थ नव्हता. झडती घ्यायची तर संस्थानच्या पोलिसांकडं रीतसर कागद द्यावा लागे, आणि कागद दिला की बोभाटा झाला. मी फक्त विचारायला आलो होतो. विचारायला हद्द लागत नाही.

बँडवाल्याचं दुकान पेठेत होतं. जरीच्या कॉलरचे लाल कोट ओळीनं लटकलेले, खाली एक मोठा ढोल आणि त्यावर मालक चहा पीत बसलेले. मी शाळेकडून आलो म्हणून सांगितलं.

"काय, पोरं फुंकत्यात का?"

"फुंकतात. पण त्या चांगल्या कॉर्नेटची मधली कळ फार दाबावी लागते. ते आधी कुणाच्या हातात होतं? त्याला विचारलं तर काही खुबी सांगेल."

मालक हसले. "ते व्हय? म्हाताऱ्याचं. ल्हानपनापास्नं त्यो ते वाजवतोय, माझ्या बापाच्या येळंपास्नं. आता म्होरलं दात पडलं, फुंक धरत न्हाई. यंदा काढून घेतलं आन झांज दिली हातात. तवापास्नं तोंड फुगवून बसलाय. दात न्हाईत तर न्हाईत, पर फुगवायला येतंय!"

"वाजंत्री पूजेला परत नेत नाही तुम्ही?"

"दुकानात हायत ती पुजतो. भाड्यानं गेली ती गेली. म्हातारा आला हुता मागायला, म्या म्हनलं येडा हाईस का? एका पूजंसाठी शाळंत जाऊन तोंड वेंगाडू नगंस. गेलास तर झांजबी बंद."

मला आता सगळं कळलं होतं. फक्त तो परत का आला नाही, हे कळत नव्हतं. घर विचारून घेतलं. हरिपूरच्या वाटेला हळदीच्या शेतांच्या कडेला ते घर. म्हातारा बाहेर दगडावर बसला होता, दाढी वाढलेली. दारात त्याची म्हातारी. मी पायरीकडं निघालो तशी ती ओरडली, "शिवू नगासा! सोयर हाय!"

आत तान्ह्या पोराचा आवाज आला. सुनेचं बाळंतपण झालं होतं. उघड्या दारातून समोरच्या भिंतीशी पाट दिसत होता, त्यावर झेंडूच्या सुकल्या माळेत कॉर्नेट.

मी म्हटलं, "मी शाळेच्या गावचा जमादार."

मला वाटलं म्हातारा घाबरेल. तर तो उठून हात जोडून म्हणाला, "आलासा? लय बरं झालं! मास्तर कसं हायती?"

मग हकिकत बाहेर आली. मास्तरांकडून मागून, जागेवर सुपारी ठेवून आणलेलं कॉर्नेट म्हाताऱ्यानं नवमीला पाटावर मांडलं, पूजा केली. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करून उचलायचं आणि गाडी गाठायची असा बेत. पण पहाटेच सुनेला दिवस भरायच्या आधी कळा लागल्या आणि बाळ झालं. सोयर लागलं. आता घरच्या कुणालाही पूजेला हात लावता येईना. मांडलेली पूजा, ती न हलवता वस्तू उचलायची कशी?

"भटजीला विचारलं. त्यो म्हनला बारावं हुईस्तोवर हात लावायचा न्हाई. गुरवाला सांगावं तर गावभर हुनार, गावातनं मालकाच्या कानावर. शेजारी समदी आमचीच भावकी, त्येस्नीबी सोयर. मास्तरास्नी सांगावा कुनाकडनं धाडू? ह्यो दगडावर बसून हाय म्या, जमादार. घास गेला न्हाई." मग तो माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, "तुमचं गाव कंचं?"

"रत्नागिरीकडचं."

"समिंद्राकडचं? मग आमच्यात तुमची कुठं भावकी न्हाई? लांबची?"

"कुठली हो! या मुलखात माझं रक्ताचं कुणीच नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "म्हातारे, आयकलंस का? ह्येंचं कुनीच न्हाई! लय झ्याक झालं!"

आपलं इथं कुणी नाही ही गोष्ट इतकी वर्षं मी मनात दाबून वागवली होती. ती ऐकून एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

ज्याला सोयर नाही त्याच्याच हातून पूजा उठवायची होती, म्हणून मी नदीवर जाऊन अंघोळ केली. ओलेत्यानं घरात गेलो. घरची माणसं कोपऱ्यात सरकून उभी. म्हातारा दाराबाहेरून मला एकेक सांगत होता. "आदी अक्षता टाका. आता हात जोडा. आता उत्तरंला जराशीक हलवा. जराशीक म्हनलं, ढकलू नगा! व्हय, आता उचला. दोनी हातांनी, गड्या, दोनी हातांनी!" जमादाराला गड्या म्हटल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. मी ते नव्या धोतराच्या पानात गुंडाळलं.

म्हातारी हळहळत होती. सोयर असलेल्या घरचं पाणीसुद्धा मला देता येत नव्हतं. "एवढ्या लांबनं आला आन कोरडाच चालला," म्हणाली.

म्हातारा म्हणाला, "म्या संगट येतो. कमिटीपुढं सांगतो, म्या न्हेलं, मास्तरांचा दोष न्हाई."

"मग मालकाला कळेल."

"कळू द्या. झांजच जाईल. त्येंची नोकरी ऱ्हाईल."

मी म्हटलं, "बाबा, आधी घर सांभाळा. माझी हद्द मिरजेच्या अलीकडं संपते. तुमच्या मालकाला काही कळवणं माझ्या हद्दीत बसत नाही."

सभेला मी कॉर्नेट टेबलावर ठेवलं. जे घडलं ते सांगितलं, नाव-गाव सोडून. वाजवणाऱ्यानं पूजेसाठी नेलं, ज्यांच्या ताब्यात होतं त्यांनी विश्वासानं दिलं, घरी वेळेआधी बाळंतपण होऊन सोयर पडल्यानं अडकलं, वस्तू जशीच्या तशी परत आली. चोरीचा गुन्हा होत नाही. कमिटीतले एक वकील म्हणाले, "पण न विचारता दिलं हे चूकच." मी म्हटलं, "चूक आहे. त्याला पोलीस लागत नाही." हेडमास्तरांनी कॉर्नेटला चिकटलेली झेंडूची वाळकी पाकळी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, पुढच्या वेळी मला विचारा. मी नाही म्हणणार नाही." मग मास्तरांना बाहेर थांबायला सांगितलं. ताकीद म्हणून एवढंच लिहिलं गेलं, आणि नेमणूक राहिली.

पोलिसाला पहिल्या दिवसापासून एक शिकवण असते. माणूस गप्प बसला की तो काहीतरी लपवतोय, ते उकरून काढ. मीही तसंच शिकलो होतो. पण त्या दिवसापासून गप्प माणूस समोर बसला की मी आधी मनाशी विचारतो, हा कुणाला जपतोय? पुढच्या नोकरीत या एका प्रश्नानं मला जेवढी दारं उघडून दिली तेवढी दमदाटीनं कधी दिली नाहीत. गुन्हेगारही पुष्कळदा कुणाला तरी जपत असतो, तिथूनच त्याचं बोलणं सुरू होतं.

सभेतून बाहेर आलो तेव्हा मास्तर व्हरांड्यात उभे होते. नोकरी राहिल्याचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. माझा हात धरून त्यांनी घाईनं विचारलं, "आन बाळ? बाळ-बाळंतीन बरी हायती न्हवं?"